झाकणभर औषध

पाऊस ओसरला आणि ऑक्टोबरचं ऊन चटके द्यायला लागलं की शहरातल्या गच्च्यांवर आणि गॅलऱ्यांमध्ये एक ठरलेला प्रसंग घडतो. गणपतीत ताटभर फुलं देणारी जास्वंद अचानक रुसते. शेंड्याची पानं मुडपतात, कळ्या उमलायच्या आत गळतात आणि फांदीच्या बेचक्यात कापसाचे पुंजके चिकटल्यासारखे दिसतात. बोटानं चिरडले की चिकट पाणी निघतं. हा पिठ्या ढेकूण. कठड्यावरून मुंग्यांची ये-जा चालू असते आणि खालच्या पानांवर काळी बुरशी धरलेली असते. मग घरातलं कुणीतरी एक फांदी मोडून प्लास्टिकच्या पिशवीत घालतं आणि जवळची रोपवाटिका नाहीतर कृषी सेवा केंद्र गाठतं. दुकानदार पिशवी उघडायच्या आधीच सांगतो, "मिलीबग आहे. हे औषध घेऊन जा. एक झाकण टाका पंपात, चार दिवसांत साफ."

झाकण कुठल्या बाटलीचं आणि पंप किती लिटरचा, हे तोही सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही.

मराठीत कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात. बागेवर औषध मारायचं, कपाशीला औषध पडलं नाही, गहू औषध लावून ठेवले. खोकल्याचं आणि फवारणीचं, दोन्ही औषधच. शेतकऱ्याच्या घरात या शब्दाची दुसरी बाजू ठाऊक असते. 'त्यानं औषध घेतलं' हे वाक्य खालच्या आवाजात आलं की ऐकणारा पुढचं विचारत नाही. शहरातल्या गॅलरीत मात्र शब्द आला तो त्याची फक्त गोड बाजू घेऊन. झाड आजारी, त्याला औषध. जरा जास्त दिलं तर लवकर बरं वाटेल, इतकं साधं गणित.

हे गणित कुठे चुकतं ते आकड्यांतच बघावं. मावा, तुडतुडे, फुलकिडे अशा रस शोषणाऱ्या किडींसाठी दुकानात सर्रास मिळणारं एक कीटकनाशक म्हणजे इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के. कपाशीसाठी त्याची शिफारस हेक्टरी 100 ते 125 मिली, तीही 500 ते 700 लिटर पाण्यात. म्हणजे लिटरला साधारण 0.2 मिली. थेंबांत मोजलं तर चार थेंब. गच्चीवरचा हातपंप बहुधा दोन लिटरचा असतो. त्याला आठ थेंब पुरतात. बाटलीचं झाकण पाच मिलीचं धरलं तर 'एक झाकण' म्हणजे शिफारशीच्या बारापट औषध. कपाशीच्या शेतात कुणी बारापट मारलं तर गावात चर्चा होईल. गॅलरीत ते रोज होतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

यावरचा उपाय औषधांच्या दुकानात पाच-दहा रुपयांत मिळतो: एक मिलीची, बारीक रेघा आखलेली सिरिंज. सुई काढून टाकायची, सिरिंजवर मार्करनं 'बाग' लिहायचं आणि ती स्वयंपाकघराच्या कट्ट्यापासून लांब ठेवायची. ज्यांच्याकडे अशी सिरिंज नाही त्यांनी कीटकनाशक विकत घेऊच नये, इतपत कडक मत मांडायला हरकत नाही.

खतांची गोष्ट याहून सोपी, म्हणूनच जास्त फसवी. युरियात 46 टक्के नत्र असतं. मुरलेल्या शेणखतात ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास. शेणखताची ओंजळ दोनदा पडली तर झाड काही तक्रार करत नाही, पण युरियाचा चमचा दोनदा पडला तर आठवड्याभरात पानांच्या कडा करपतात. समजा, एखाद्या पिकाला हेक्टरी 100 किलो नत्र द्यायचं आहे. चौरस मीटरला ते 10 ग्रॅम होतं, म्हणजे युरिया सुमारे 22 ग्रॅम. आता बारा इंची कुंडी घ्या. तिचं तोंड चौरस मीटरच्या चौदाव्या भागाएवढं. तिच्या वाट्याला अख्ख्या हंगामात येतो दीड ग्रॅम युरिया, आणि शेतकरी तोसुद्धा दोन-तीन हप्त्यांत देतो. चहाच्या चमच्यात चारेक ग्रॅम युरिया बसतो. म्हणजे 'प्रत्येक कुंडीत एक एक चमचा' टाकणारा माणूस एका झटक्यात दोन हंगामांहून जास्त खत ओतत असतो.

कुंडीतल्या मातीला पळायला जागा नसते, ही यातली खरी मेख. शेतात जादा झालेलं खत खाली झिरपतं, आजूबाजूला पसरतं. त्याचे तोटे वेगळे, पण मुळांना तेवढी सवड मिळते. कुंडीत क्षार साचत जातात आणि मुळांच्या भोवतालचं पाणी इतकं खारट होतं की मुळं ते ओढून घेऊ शकत नाहीत. माती ओली असते आणि झाड तहानलेलं. मालक म्हणतो, पाणी कमी पडतंय. आणखी पाणी घालतो. मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पांढरी खार फुटलेली असेल तर ती एकदा नीट बघावी. पाण्यातला क्षार आणि न वापरलं गेलेलं खत तिथे सुकून बसलेलं असतं. अशा कुंडीला महिनाभर खत बंद करून, भोकातून पाणी वाहून जाईल इतकं दोन-तीन वेळा सावकाश पाणी देणं हाच इलाज.

कुंड्यांसाठी 19:19:19 सारखी विद्राव्य खतं मिळतात. नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात. लिटरला एक ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, एवढं पुष्कळ झालं. पण फुलं येत नाहीत म्हणून नत्रच वाढवत नेलं तर जास्वंद हिरवीगार, लुसलुशीत होते आणि फुलांऐवजी मावा येतो. कोवळ्या, रसरशीत पाल्यावर त्याची मेजवानी असते. कीड आली म्हणून औषध, औषधानं झाड दमलं म्हणून खत, खतानं पुन्हा कोवळा पाला. या रहाटगाडग्यात अडकलेल्या गच्च्या पुष्कळ आहेत.

सोसायटीच्या आवारातलं लॉन हा आणखी एक प्रकार. मेक्सिकन गवत किंवा सिलेक्शन वन लावलेलं असतं. वर्षाचा करार घेतलेला माळी पावसाचा अंदाज बघून मूठमूठ युरिया फेकतो, कारण पावसानं तो आपसूक विरघळतो आणि पाइप ओढायचे कष्ट वाचतात. दोन दिवसांत गवत हिरवंगार दिसतं. जोराचा पाऊस आला तर त्यातला मोठा वाटा फरशीवरून पावसाळी गटारात आणि तिथून नाल्यात जातो. मुळा-मुठेवर पसरणारी जलपर्णी नत्र-स्फुरदावरच फोफावते. तिला खाऊ घालणारा मुख्य हात सांडपाण्याचा आहे, हे खरं. लॉनच्या युरियाला सगळा दोष देणं अप्रामाणिक ठरेल. पण सांडपाणी आहे म्हणून मूठभर आपलंही चालून जाईल, हे म्हणणंही तितकंच सोयीचं आहे. लॉनला खत हलक्या हातानं द्यावं, मग झारीनं पाणी द्यावं आणि फरशीवर पडलेले दाणे झाडून परत गवतात टाकावेत. माळ्याला एवढं सांगायला मीटिंग लागत नाही.

बाटलीकडे परत येऊ. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलवर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली 1971 मध्ये जे नियम झाले, त्यांतून तो आला. चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघायचा: लाल म्हणजे अतितीव्र विष, पिवळा म्हणजे तीव्र, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. लाल रंगावर कवटी आणि हाडं असतात. लाल आणि पिवळ्या रंगाची बाटली घराच्या उंबऱ्याच्या आत येण्याचं काहीच कारण नाही. गुलाबाच्या चार कुंड्यांसाठी तर नाहीच नाही. लेबलवर आणखी दोन गोष्टी असतात: विषबाधा झाली तर डॉक्टरला दाखवायचा उतारा, आणि फवारणीनंतर किती दिवसांनी फळ-भाजी तोडायची तो प्रतीक्षा काळ. अक्षरं मुंगीच्या पावलांएवढी. मोबाइलमध्ये फोटो काढून मोठा करून वाचावं. लेबलच नसलेली पुडी कुणी 'घ्या हो, नेहमीचंच आहे' म्हणून पुढे केली तर ती तिथेच ठेवावी. अशी सुटी विक्री कायद्याला धरून नाही.

'नेहमीचं' हा शब्द तर विशेष जपून घ्यावा. जुन्या बागकामाच्या वह्यांमध्ये कुंडी भरताना 'चिमूटभर थायमेट' हा सल्ला हमखास सापडतो. उग्र वासाचे ते दाणे म्हणजे फोरेट, लाल चौकोनातलं विष. ढेकूण-झुरळांसाठी घरोघर फवारलं जाणारं डायक्लोरव्हॉस, ज्याला लोक नुवान म्हणून ओळखत, तेही जहाल विषच. केंद्र सरकारच्या ऑगस्ट 2018 च्या आदेशानं ही दोन्ही कीटकनाशकं 31 डिसेंबर 2020 पासून बंद झाली. आवारातलं गवत जाळण्यासाठी वापरलं जाणारं ग्लायफोसेट ऑक्टोबर 2022 च्या अधिसूचनेनं फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांच्या हाती दिलं. तरी माळ्यांच्या पिशवीत आणि आजोबांच्या वह्यांत या तिघांचा मुक्काम अजून आहे. माळ्यानं जुना साठा काढला तर त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा 'आपल्याकडे नको' एवढं म्हणून विषय संपवावा.

साठवणुकीबद्दल सांगायचं तर एक गोष्ट सांगावी लागते, दिवाळीच्या अंकात ती जड वाटली तरी. 16 जुलै 2013 रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेत माध्यान्ह भोजन शिजलं आणि 23 मुलं दगावली. जेवणात मोनोक्रोटोफॉस सापडलं. ज्या डब्यातून तेल घेतलं त्याच डब्यात आधी ते कीटकनाशक ठेवलेलं असल्याचं समोर आलं. घरातली गोष्ट याच रस्त्यानं जाते, फक्त डब्याच्या जागी शीतपेयाची बाटली असते. उरलेलं द्रावण टाकवत नाही म्हणून कुणीतरी ते थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवतं. पेयाचा रंग आणि द्रावणाचा रंग यांतला फरक चार वर्षांच्या पोराला कळत नाही. म्हणून मूळ बाटली मूळ लेबलसह कुलपात, आणि कालवलेलं द्रावण त्याच दिवशी संपेल इतकंच. तरी काही झालंच तर आधी 108 ला फोन आणि बाटली घेऊन दवाखान्यात. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषमाहिती केंद्र 1800 116 117 या क्रमांकावर चोवीस तास सल्ला देतं. ओकारी काढायचा घरगुती उद्योग करू नये.

एवढं वाचून अनेकजण म्हणतील, आम्ही रासायनिक काही वापरतच नाही. चांगलंच आहे. पण मग त्यांच्याकडे तंबाखूचं पाणी असतं. रात्रभर भिजवलेली तंबाखू उकळून, गाळून, मावा पडलेल्या झाडावर मारायची. मावा मरतो यात शंका नाही, कारण तंबाखूतलं निकोटिन हे स्वतःच जहाल कीटकनाशक आहे, आणि ते कातडीतूनही अंगात जातं. ओल्या तंबाखूची पानं खुडणाऱ्या मजुरांना त्यामुळेच मळमळ, घेरी, उलट्या होतात. निसर्गात जन्मलेलं म्हणून ते सौम्य असतं, असा काही नियम नाही. त्यात टोमॅटो, मिरचीच्या रोपांना तंबाखूतून येणाऱ्या विषाणूजन्य रोगाचं भय वेगळंच.

कडुलिंबाचं नाव मात्र आदरानं घ्यावं, पण डोळे उघडे ठेवून. निंबोळी तेलाच्या बुरशीनाशक गुणावर 1994 मध्ये युरोपात अमेरिकी कृषी खातं आणि एका अमेरिकी कंपनीला पेटंट मिळालं होतं. भारतातून आणि युरोपातून त्याला विरोध झाला, 2000 मध्ये ते रद्द झालं आणि 2005 मध्ये अपिलातही टिकलं नाही. आपल्या आजीला ठाऊक असलेली गोष्ट सिद्ध करायला अकरा वर्षं लागली, असं म्हणून अनेकांनी त्यावर चिमटे काढले. विद्यापीठांची पाच टक्के निंबोळी अर्काची कृती घरीही जमते: 50 ग्रॅम निंबोळ्या जाडसर कुटायच्या, रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळायच्या, थोडं साबणाचं पाणी घालून लिटरभर करायचं आणि संध्याकाळी फवारायचं. संध्याकाळी, कारण त्यातला आझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विघटित होतो. अर्क कीड एका दिवसात मारत नाही. तिची भूक मारतो, वाढ खुंटवतो. दुसऱ्या दिवशी किडे हलताना दिसले की लोकांचा विश्वास उडतो आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. आणि हो, कच्चं निंबोळी तेल लहान मुलांच्या पोटात गेलं तर तेही बाधतं; कडुलिंबाची बाटलीसुद्धा कुलपातच.

पिठ्या ढेकणाचं मर्म त्याच्या अंगावरच्या मेणात आहे. मेणामुळे पाण्यातलं औषध त्याच्या अंगाला शिवतच नाही, घरंगळून जातं. म्हणून लोक मात्रा वाढवतात. खरं तर सुरुवातीला पाण्याची जोरदार धार, सगळ्यात बुजबुजलेली फांदी छाटून पिशवीत बंद करणं, उरलेल्या पुंजक्यांवर लिटरला पाच मिली साबणाच्या पाण्यात बुडवलेला ब्रश आणि मुंग्यांची वाट तोडणं, एवढ्यानं निम्मं काम होतं. मुंग्या त्या ढेकणांनी सोडलेल्या गोड पाण्यासाठी त्यांची राखण करतात. राखणदार हटले की भक्षक येतात.

आणि इथे एक गंमत आहे, जी गच्चीवाल्यांनी बघायलाच हवी. बुजबुजलेल्या फांदीवर कधीकधी इतरांपेक्षा मोठा, पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्या लोंबणारा, जरा चपळ 'ढेकूण' दिसतो. माणसं त्यालाच आधी चिरडतात, हा बघा केवढा माजलाय म्हणून. तो क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी असते. ढेकणांच्या कळपात शिरण्यासाठी तिनं त्यांचाच वेष घेतलेला असतो, आणि ती दिवसभर त्यांना खात सुटते. हा ढालकिडा ऑस्ट्रेलियाचा; 1898 मध्ये कीडनियंत्रणासाठी तो भारतात आणला गेला आणि इथलाच झाला. काडीनं हळूच टोचून बघावं. ढेकूण जागचा फारसा हलत नाही, ही अळी मात्र पळते.

असाच एक पाहुणा 2010 मध्ये आला. त्याआधी दोन वर्षं, 2008 मध्ये, कोइमतूरच्या परिसरात पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण पहिल्यांदा दिसला आणि बघता बघता पपई, तुती, जास्वंद असं करत महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांपर्यंत पोहोचला. शेतकऱ्यांनी फवारण्यांवर फवारण्या केल्या. मग बंगळुरूच्या 'नॅशनल ब्यूरो ऑफ अ‍ॅग्रिकल्चरली इम्पॉर्टंट इन्सेक्ट्स' या संस्थेनं प्वेर्तो रिकोहून मिलीमीटरभर लांबीचीही नसलेली एक गांधीलमाशी मागवली, अ‍ॅसेरोफॅगस पपाये तिचं नाव. ती ढेकणाच्या अंगात अंडी घालते. तिला वाढवून बागांत सोडलं आणि काही महिन्यांत ढेकूण आटोक्यात आला. जिथे फवारणी चालूच राहिली तिथे मात्र गांधीलमाशी टिकणार कशी?

मधमाश्यांचंही तसंच. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधुमक्षिका संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये 'मधाचं गाव' झालं, आणि शहरातल्या गच्चीवर मंजिऱ्या आलेल्या तुळशीभोवती सकाळी दहा वाजता फुलोरी माश्यांची भुणभुण कुणालाही ऐकू येते. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसात उतरतात, तिथून परागात आणि मधात. युरोपीय महासंघानं 2018 मध्ये अशा तीन औषधांचा उघड्यावरचा वापर मधमाश्यांसाठीच थांबवला. फुलावर आलेल्या झाडावर फवारू नये, ही साधी गोष्ट आपण मात्र उलटीच करतो. कारण झाडाकडे लक्ष जातं तेच फुलं आल्यावर.

तुळशीचा विषय निघालाच आहे तर. कार्तिकात तुळशीचं लग्न जवळ आलं की वृंदावनाला गेरू लागतो आणि तुळशीकडे निरखून पाहिलं जातं. पानांवर ठिपके, पानं आकसलेली, मागे जाळीदार पंखांचे बारीक किडे. लग्नात नवरी अशी कशी उभी करायची? मग जास्वंदीला मारलं तेच औषध तिलाही मिळतं, आणि चार दिवसांनी तिचीच पानं तीर्थात पडतात, काढ्यात जातात. लेबलवर कपाशीचा, भाताचा प्रतीक्षा काळ लिहिलेला असतो; तुळशीचा नसतो. कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, ओवा यांचीही तीच गत. जे पान तोडून थेट तोंडात जातं त्याच्यावर साबणाचं पाणी आणि कात्री यापलीकडे काहीही मारू नये. तुळस तर अर्धी छाटली तरी पंधरा दिवसांत फुटते.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, तोंडावर परत येणारा फवारा, अंगावर नुसता सदरा, आणि एकाच पंपात दोन-तीन औषधं मिसळायची पडलेली रीत. शहरी वाचकानं ती बातमी वाचून हळहळ व्यक्त केली. पण गॅलरी बंदिस्त असते. वारा फिरला तर फवारा शेताहून लवकर तोंडावर येतो, आणि शेजारच्या दोरीवर तान्ह्याची दुपटी वाळत असतात. दोन औषधं एकत्र करायची नाहीत, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालायच्या, नळी चोंदली तर तोंडानं फुंकायची नाही, आणि खालच्या-वरच्या मजल्यावर आधी सांगायचं. यातलं शेवटचं मोफत असूनही सर्वांत कमी केलं जातं.

शेवटी उरते रिकामी बाटली. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी कीटकनाशकांचे डबे, मुदत संपलेली औषधं, जुने दिवे यांना 'घरगुती घातक कचरा' असं स्वतंत्र नाव दिलं. बाटली तीनदा विसळायची, विसळलेलं पाणी मोरीत न ओतता फवारणीच्या द्रावणातच घालायचं, बाटलीला भोक पाडायचं, कागदात गुंडाळून वर लिहायचं, आणि ती सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळी द्यायची. बहुतेक सोसायट्यांत ती जाते सुक्या कचऱ्याच्या बादलीतच. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायका सकाळी दाराशी येतात आणि गोळा केलेला माल उघड्या हातांनी वेगळा करतात. कागद एका पोत्यात, पुठ्ठा दुसऱ्यात. बाटली हातात आली की आधी ती उलटी करून काही सांडतंय का ते बघतात, मग झाकण पिळून काढतात. झाकणाचं प्लास्टिक वेगळ्या भावानं जातं, म्हणून ते वेगळ्या पोत्यात पडतं.